कापणाऱ्याची फोड

पूर्वी वाड्याच्या जिन्यावरून कुणी सफरचंदांची पिशवी घेऊन वर जाताना दिसलं, की दारात तांदूळ निवडत बसलेल्या काकू हमखास विचारायच्या, "काय हो, कोण आजारी आहे?" प्रश्नात थोडी चौकशी असायची, थोडी काळजी असायची, पण तो कुणाला वावगा वाटत नसे. घरातले सगळे धडधाकट असताना सफरचंदं कुणी कशाला आणील? फळांची आपल्याकडे अशी वाटणीच ठरून गेलेली होती. सफरचंद आणि मोसंबी आजाऱ्याची. केळी देवाची, आणि देवापुढून उचलली की मग आपली. आंबा उन्हाळ्याच्या सुट्टीचा, तोही अढीतून मोजून काढलेला. बोरं, करवंदं, जांभळं, पेरू ही मुलांनी बाहेरच्या बाहेर मिळवायची आणि रात्री खोकला आला की त्यांच्या नावानं बोलणी खायची. त्यांना फळ म्हणण्याइतका मान घरात नव्हताच.

घरात फळ आलं तरी ते खायचं नसायचं, वाटायचं असायचं. माझी आई विळीवर एका सफरचंदाच्या बरोबर आठ फोडी करायची. चार आजाऱ्याला, दोन आजोबांना, उरलेल्या दोन धाकट्या भावंडांना. मी मधली. माझ्या वाट्याला सालं यायची, आणि आईच्या वाट्याला बियांभोवतीचा गाभा. आंब्याचंही तेच. फोडी ताटात, बाठा आईच्या हातात. मी कॉलेजात असताना एकदा तिला सहज विचारलं होतं, "आई, तुला गं कुठलं फळ आवडतं?" हातातला बाठा तसाच धरून तिनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "बाठ्याला लागलेला आंबा गोडच असतो." हे उत्तर होतं की उत्तराला दिलेली बगल, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतरच्या वर्षांत महाराष्ट्रातलं फळांचं चित्र पार पालटलं. १९९० साली राज्य सरकारनं रोजगार हमी योजनेला जोडून फळबाग लागवडीची योजना आणली. शेतकऱ्यानं स्वतःच्याच जमिनीत खड्डे खणायचे, रोपं लावायची, जगवायची आणि त्या मजुरीसाठी, रोपांसाठी अनुदान मिळायचं. ज्या माळरानांवर ज्वारीसुद्धा धड हाताला लागत नव्हती, तिथं डाळिंब, बोर, सीताफळ, आंबा उभा राहिला. सोलापूर जिल्ह्यात डाळिंब इतकं रुजलं, की २००५ साली देशाचं डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच आलं. पुढं एकेका गावाच्या फळाला भौगोलिक मानांकनही मिळत गेलं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये, नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये, जळगावची केळी, सोलापूरचं डाळिंब आणि पुरंदरचं अंजीर यांना २०१६ मध्ये आणि आपल्या हापूसला २०१८ मध्ये. आज कोपऱ्यावरच्या हातगाडीवर जी फळं एका वेळी मांडलेली दिसतात, ती माझ्या आईनं सबंध वर्षात मिळूनही पाहिली नसतील.

आता सफरचंदांची पिशवी पाहून कुणी आजाऱ्याची चौकशी करत नाही. पण गंमत अशी, की फळं घरात आली आणि खाणारे पांगले. तुमच्याही जेवणाच्या टेबलावर एक टोपली असेलच. सोमवारी ती भरलेली असते. गुरुवारी केळी काळी पडतात, सफरचंदाला सुरकुत्या येतात, आणि शनिवारी गृहिणी त्यातलं काय वाचवता येईल ते पाहत ओट्याशी उभी असते. मुलांना विचारा, "फळ खाल्लं का?" उत्तर येतं, "नंतर." हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जी आहाराची मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यात रोज साधारण शंभर ग्रॅम फळ खावं असं सांगितलं आहे. शंभर ग्रॅम म्हणजे फार नव्हे, सोललेलं एक मध्यम केळं. तेवढंही आमच्या घरात पोटात जात नव्हतं. गरज होती ती फळांना कुणीतरी चारचौघांत आणून बसवण्याची.

ते काम केलं माझ्या भाचीनं. ती अमेरिकेत असते. नाताळच्या सुट्टीत आली तेव्हा स्वयंपाकघरात पाटावर बसून मला सांगू लागली, "मावशी, तिकडे चार माणसं जमली की एक पदार्थ करतात. मेक्सिकन लोक टोमॅटो, कांदा, मिरची बारीक चिरून ओली चटणी करतात ना, सालसा, तसाच फळांचा सालसा. लाल, हिरवी, पिवळी फळं अगदी बारीक चिरायची, मोठ्या वाडग्यात कालवायची आणि वाडगा सगळ्यांच्या मधे ठेवायचा. सोबत गोड चिप्स. मैद्याच्या पातळ पोळ्या त्रिकोणी कापायच्या, त्यांना लोणी लावून वर साखर आणि दालचिनी भुरभुरायची आणि भट्टीत कडक करायच्या. मग त्या तुकड्यानंच फळं उचलून खायची."

मी म्हटलं, "अगं, ही तर कडाकणी!"

ज्यांचं माहेर कोल्हापूर, सांगली, सातारा या बाजूचं आहे, त्यांना कडाकणी सांगायला नको. इतरांसाठी सांगते. नवरात्रात आमच्याकडे घटाच्या वर कडाकण्या टांगतात. रवा-मैद्याचं गोड पीठ घट्ट भिजवायचं, पातळ लाटायचं आणि तळून अशी कडक करायची, की मोडताना आवाज आला पाहिजे. नाव त्यावरूनच पडलं असावं असं मला लहानपणापासून वाटत आलेलं आहे. गोल पुऱ्यांबरोबर देवीसाठी वेणी, फणी, करंडा असे शृंगाराचे आकारही करतात. दोऱ्यात ओवलेल्या त्या कडाकण्यांकडे आम्ही मुलं दिवसचे दिवस मान वर करून पाहत बसायचो. कारण घट उठेपर्यंत त्यांना हात लावायचा नसे. इतके दिवस उघड्यावर टांगूनही त्या कुरकुरीत राहायच्या. चिप्स म्हणून याहून भरवशाचा पदार्थ कुठला?

आणि बुडवून खाणं आपल्याला नवं आहे थोडंच? पुरी आमरसात बुडवतो, श्रीखंडात बुडवतो. पुरणपोळी दुधात, खारी चहात. खानदेशातले लोक मांडे आमरसात बुडवून खातात. आपण सगळे जुने बुडवणारेच. नवी आहे ती एकच गोष्ट, मधे ठेवलेला एक वाडगा. तिच्याकडे मी पुढं येणारच आहे. आधी कृती सांगते, म्हणजे हा कागद ओट्याजवळ नेऊन ठेवता येईल.

कडाकण्यांसाठी एक वाटी मैदा, एक वाटी कणीक, अर्धी वाटी बारीक रवा, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा दालचिनीची पूड घ्यावी. दालचिनी नको असेल तर वेलदोडा-जायफळ घाला, वास अगदी घरचा येतो. त्यावर पोह्याचे तीन चमचे कडकडीत तुपाचं मोहन घालून पीठ दोन्ही हातांनी चोळावं. मुठीत दाबलं की मूठ टिकली पाहिजे, म्हणजे मोहन पुरेसं झालं. या मोहनाचं काम मोठं असतं. पिठात पाणी पडलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि पीठ चिवट होतं. पोळीला तो चिवटपणा हवा असतो, कडाकणीला नको असतो. तूप पिठाच्या कणांवर बसतं आणि ही पकड सैल ठेवतं, म्हणून पदार्थ खुसखुशीत होतो. मात्र हात सैल सोडून मोहन ओतलंत, तर कडाकणी तळणीत विरघळेल आणि फळं उचलताना वाडग्यातच मोडून पडेल.

मग लागेल तसं थंड दूध घालून पीठ घट्ट मळावं आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावं. तेवढ्यात रवा फुगतो आणि पीठ लाटताना मागं ओढत नाही. पोळीपेक्षा पातळ आणि पापडापेक्षा जाड अशी लाटी लाटून सुरीनं त्रिकोणी तुकडे कापावेत. प्रत्येक तुकड्याला काट्यानं टोचे मारायला विसरू नये. टोचे मारले नाहीत तर आत वाफ कोंडून तुकडा पुरीसारखा टम्म फुगतो, आणि फुगलेल्या पुरीवर डाळिंबाचा दाणा ठरत नाही.

तळायचं ते मंद आंचेवर. इथं घाई चालत नाही. पिठात साखर असल्यामुळे मोठ्या आंचेवर रंग लवकर येतो. आपल्याला वाटतं झालं, आणि आतला ओलावा तसाच राहतो. अशी कडाकणी गरम असताना छान लागते आणि संध्याकाळपर्यंत चामट होते. तेलातले बुडबुडे कमी होत जातात, म्हणजे पाणी निघून गेलं. हव्या त्या रंगाच्या किंचित अलीकडेच तुकडे काढावेत, कारण बाहेर काढल्यावरही रंग थोडा चढतो. तळण नको असेल तर तुकड्यांना वरून तूप लावून १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं भाजा. पूर्ण गार झाल्याखेरीज डबा बंद करू नका. कोमट कडाकण्यांची वाफ झाकणाला धरते आणि तुमची सगळी मेहनत खाली ठिबकते.

आता फळं. यात 'अमुकच हवं' असं काही नाही. ऋतू काय देतो ते पाहावं. डिसेंबर ते मार्च हा या वाडग्याचा खरा मोसम. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेऱ्या, डाळिंब, संत्रं, पेरू, चिकू आणि जानेवारीनंतर नाशिकची द्राक्षं. एप्रिल-मेमध्ये आंबा, कलिंगड आणि खरबूज. पावसाळ्याच्या तोंडाशी जांभळं येतात. ती घातली तर सबंध वाडगा जांभळा होतो आणि मुलांच्या जिभाही. सहा माणसांना एक वाटी डाळिंबाचे दाणे, आठ-दहा स्ट्रॉबेऱ्या, एक सफरचंद, एक संत्रं, दोन चिकू आणि मूठभर हिरवी द्राक्षं पुरे होतात. सगळ्याचे तुकडे वाटाण्याएवढे हवेत. मोठ्या फोडी झाल्या तर ते नुसतं फ्रूट सॅलड; कडाकणीवर त्या बसत नाहीत. आणि बारीक चिरल्याचा दुसरा फायदा असा, की पेरू न खाणाऱ्याला एकटा पेरू बाजूला काढता येत नाही.

तीन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे सफरचंद चिरल्याबरोबर त्याला चमचाभर लिंबाचा रस चोळा. चिरलेल्या भागाला हवा लागली की फळातलंच एक विकर ते तपकिरी करतं. लिंबाची आंबटाई त्याला रोखते. दुसरी म्हणजे संत्र्याच्या फोडी सोलून, बिया काढून थोडा वेळ चाळणीत निथळत ठेवा. निथळलेला रस करणाऱ्यानं तिथंच प्यावा. त्याबद्दल कुणाला हिशोब द्यायचा नाही. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. साखर, मध किंवा मीठ आधी घालू नका. गोड आणि खारट दोन्ही फळांतलं पाणी बाहेर ओढतात. पानं मांडून झाली, माणसं जमली, की मगच दोन चमचे मध, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा आल्याचा रस आणि हातानं तोडलेली पुदिन्याची चार पानं घालून वाडगा हलक्या हातानं कालवा.

दाटसर हवं असेल तर पाव किलो चक्क्यात थोडा मध फेटून त्यावर हीच फळं पसरावीत. पांढऱ्यावर ते सगळे रंग असे उठून दिसतात, की पाहुणे आधी नुसते पाहतच बसतात. मात्र चक्क्यात कच्चा अननस किंवा किवी घालू नका. दोन्हींमध्ये दुधातली प्रथिनं फोडणारी विकरं असतात आणि थोड्या वेळानं चक्का कडवट लागू लागतो. अननस घालायचाच असेल तर तुकडे साखरेच्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून, गार करून घाला. उष्णतेनं ते विकर निकामी होतं.

आमच्या घरी ह्यांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी मध घालण्याआधी एक वाटी फळं बाजूला निघतात, आणि कडाकण्या तीन. चौथी मागितली की नात बोट नाचवते. किती फळ खायचं आणि कुठलं, ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलं आहे. तुमच्याकडे कुणी असेल तर तुम्हीही ते विचारून घ्या.

आता त्या वाडग्याकडे येते.

पहिल्यांदा हा पदार्थ केला तेव्हा घरात आम्ही आठ माणसं होतो. माझ्या सासूबाई, हे, मी, मुलगा, सूनबाई, दोन नातवंडं आणि भाची. काचेचा मोठा वाडगा मधे ठेवला, भोवती कडाकण्यांची ताटली. मुलं तुटून पडली. सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या. कॉटवर बसल्या बसल्या त्यांनी तो प्रकार पाहिला आणि म्हणाल्या, "एकाच भांड्यात सगळ्यांनी हात घालायचा? अगं, उष्टं ना ते!"

त्यांचं म्हणणं अगदीच काही खोटं नव्हतं. आपलं ताट, आपली वाटी, आपला पेला हा आपल्या जेवणाचा कणा आहे. आमरस कितीही प्रेमानं केलेला असला तरी तो ज्याच्या त्याच्या वाटीत वाढला जातो. पातेल्यात कुणी पुरी बुडवलेली मी पाहिलेली नाही. यावर धाकट्या नातवानं लगेच कायदा केला, "एक कडाकणी, एकदाच बुडवायची. चावलेली परत बुडवली तर आऊट!" सासूबाईंना तो कायदा पटला असावा. थोड्या वेळानं त्या आपणच म्हणाल्या, "बरं, काला समजते."

त्यांनी हे म्हटलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरंच की! आपल्याकडे सगळ्यांचं मिळून एक भांडं नव्हतं असं कुठं आहे? गोपाळकाला म्हणजे दुसरं काय? पोहे, लाह्या, दही, डाळिंबाचे दाणे, पेरूच्या फोडी, लोणच्याचा खार, ज्याच्या घरून जे येईल ते एकत्र कालवायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. काल्यात कुणाची शिदोरी कुठली ते ओळखू येत नाही, तेच तर त्याचं मर्म. पंढरीची आषाढी वारीसुद्धा एकादशीला संपत नाही; पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, वारकरी एकमेकांच्या मुखात काला घालतात आणि मगच परतीची वाट धरतात. काल्याला उष्टं नसतं, हे सासूबाईंना माहीत होतं. आम्हांलाच आठवण करून द्यावी लागली.

पण उष्ट्याचा प्रश्न सुटला तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही घ्या. मी मागून घेईन."

हा 'मागून' शब्द आपल्या घराघरांतल्या बायकांच्या तोंडात किती मुरलेला आहे! पुरुषांची पंगत आधी, मुलांची त्याबरोबर, बायकांची मागून. गरम पोळी सगळ्यांना, आणि करणारीला शेवटची, तव्यावर राहून वातड झालेली. सासूबाईंनी सत्तर वर्षं मागून घेतलं. कुणी त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं आणि 'आधी घ्या' असंही कधी कुणी म्हटलेलं नव्हतं. माझ्या पिढीनं टेबल आणलं, खुर्च्या आणल्या, सगळ्यांनी एकत्र बसायचं असं ठरवलंही. तरी कुणीतरी एक बाई अर्धी उठलेलीच असते. मीठ आणायला, दुसरी पोळी टाकायला, दूध उतू जातंय का पाहायला.

नात त्यांच्या कॉटपाशी गेली. म्हणाली, "मोठी आजी, याला मागून नसतंच. मागून मऊ पडतं."

मुलीनं सांगितलं ते निव्वळ पाककृतीतलं सत्य होतं. मध घातल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत वाडग्याच्या तळाशी पाणी जमायला लागतं. ओल्या फळाखाली कडाकणी मोजून दोन-तीन मिनिटं कुरकुरीत राहते. झाकून ठेवता येत नाही, पुन्हा गरम करता येत नाही, कुणासाठी वाटी काढून फडताळात ठेवली तर ती उघडताना नुसता पाणीदार रस मिळतो. करणाऱ्यानं मागून खायचं ठरवलं, तर त्यानं दुसरंच काहीतरी खाल्लं असं होतं. आपल्या स्वयंपाकघरातले कितीतरी पदार्थ बाईनं मागं थांबावं म्हणूनच जणू रचलेले असतात. घावन, पुऱ्या, फुलके, भजी. एकानं करत राहायचं, बाकीच्यांनी खात राहायचं. हा पदार्थ उलट आहे. याचं सगळं काम आधी संपतं, आणि संपल्यावर तो कुणासाठी थांबत नाही.

सासूबाई उठल्या. खुर्चीवर बसल्या. पहिली कडाकणी त्यांनी स्ट्रॉबेरीचा तुकडा पाहून उचलली आणि तोंड वाकडं केलं. "आंबट आहे गं," म्हणाल्या. दुसरी घेताना मात्र त्यांनी वाडग्यात नीट पाहिलं आणि चिकूचे तुकडे तेवढे निवडून घेतले. तिसऱ्या वेळीही चिकूच. त्यांना दात थोडेच, म्हणून कडाकणी त्या आपल्या वाटीत रसात बुडवून दोन मिनिटं ठेवतात आणि मऊ झाल्यावर चमच्यानं खातात. जे बाकीच्यांना बिघडलेलं वाटतं, ते त्यांना जमलेलं वाटतं. पण बसतात त्या सगळ्यांबरोबर आणि सुरुवातही सगळ्यांबरोबरच करतात. माझ्या लग्नाला सदतीस वर्षं झाली. त्यांना चिकू आवडतो हे मला त्या दिवशी कळलं. ह्यांनाही तेव्हाच कळलं, आणि ते तर त्यांचे चिरंजीव.

एखाद्या पदार्थानं घर बदलतं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचे कप ज्यांनी धुवायचे त्यांनीच धुतले. टोपलीतलं एखादं केळं अजूनही काळं पडतं. पण रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे आता फळं लागतात, आणि ती कुणी तोडून, मोजून, वाटून देत नाही. नात डाळिंब सोलते. त्यासाठी ते पाण्याच्या भांड्यात बुडवून सोलायची युक्ती तिनं शोधली आहे, साल तरंगते आणि दाणे तळाशी बसतात, भिंतीवर शिंतोडे उडत नाहीत. नातू पुदिना तोडतो. लाटणं माझ्याकडे, तळण सूनबाईकडे, आणि ते दोन्ही आदल्या दिवशीच उरकलेलं असतं. कापायचं काम मुलाकडे आहे. त्याच्या फोडी अजून वाटाण्याएवढ्या होत नाहीत, हरभऱ्याच्या घाट्याएवढ्या होतात. पण त्या वाडग्यात चालून जातात.

तुम्हीही करून पाहा. कडाकण्या शनिवारी करून डब्यात भरा, फळं रविवारी माणसं घरात असताना चिरा, मध शेवटी घाला. आणि वाडगा मधे ठेवण्याआधी घरातली माणसं मोजताना कापणाऱ्याला धरून मोजा.

गेल्या रविवारी सगळे बसले तरी मुलगा ओट्याशीच उभा होता. हातात सफरचंदाचा राहिलेला गाभा, आणि त्याला लागलेला गर तो दातांनी खरवडत होता. कापणाऱ्याच्या हाताला ती सवय आपोआप लागत असावी. त्याला ती कुणी शिकवलेली नाही. सासूबाईंनी खुर्चीतून मान वळवली आणि म्हणाल्या, "टाक तो गाभा, आणि इकडे ये. मऊ पडतंय सगळं."